कारंजा (लाड) येथील रेल्वे स्थानक आणि मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्ग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने तीन कारणांनी परिचित आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, जैन हस्तलिखितांची प्राचीन भांडारे आणि मध्ययुगीन काळातील संपन्न बाजारपेठ ही ती तीन कारणे होत. या गावाला एक रेल्वे स्थानकही होते आणि त्या स्थानकाला स्वतःचा असा इतिहास आहे, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ या ११३ किलोमीटर लांबीच्या नॅरोगेज मार्गावरील हे स्थानक. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ असे नाव दिले आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

शकुंतलेविषयी वृत्तपत्रांतून बरेच लेखन झाले आहे. ते बहुतांशी दोन गोष्टींभोवती फिरते : ही गाडी इंग्रजांनी मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरविण्यासाठी बांधली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्याच मालकीची राहिली. ही दोन्ही विधाने इतक्या वेळा छापली गेली आहेत की ती आता वर्गात शिकवलीही जातात. प्रस्तुत लेखात कारंजा स्थानकाच्या निमित्ताने या विधानांची तपासणी करण्याचा, तसेच रेल्वेमुळे या गावाचे नेमके काय झाले याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रेल्वेपूर्व कारंजा

रेल्वेने गावे उभी केली, हे वऱ्हाडच्या बाबतीत काही ठिकाणी खरे आहे. कारंजाच्या बाबतीत ते खरे नाही. दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ या चार वेशींची नावेच सांगतात की हे गाव चार दिशांच्या व्यापारी वाटांवर वसलेले होते. ‘बीबीचे कारंजे’ हे त्याचे जुने नाव चांदबीबीशी जोडले जाते. १६७० मध्ये मराठी सैन्याने कारंजा लुटले, तेव्हा हाती आलेल्या संपत्तीचा अंदाज सुमारे एक कोटी रुपयांचा सांगितला जातो आणि ती वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागल्याचे उल्लेख इतिहासग्रंथांत आहेत. आकडे अतिशयोक्त आहेत असे मानले तरी, सुरतेनंतर त्याच वर्षी कारंजाची निवड व्हावी यातच या पेठेचे महत्त्व स्पष्ट होते.

या पेठेचा माल बैलांच्या पाठीवरून जात असे. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लमाणांच्या तांड्यांवरून सुमारे पाचशे मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावेने कलकत्त्यास पोहोचे. पुढे मुंबईकडचा ओघ वाढला, तरी घाट उतरून जाणारी ती वाट महिनोन्‌महिन्यांची होती. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांमुळे कापसाची प्रत व वजन दोन्ही घटत. मुंबईच्या बाजारात हिंदी कापसाला ‘घाणेरडा’ म्हणून जी अपकीर्ती मिळाली, तिच्यात शेतकऱ्याइतकाच या रस्त्याचाही वाटा होता.

१८५३ आणि त्यानंतर

१८५३ हे वर्ष या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १६ एप्रिल रोजी बोरीबंदर–ठाणे ही पहिली गाडी धावली. २० एप्रिल रोजी लॉर्ड डलहौसीने रेल्वेविषयक आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. आणि २१ मे रोजी निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले. पाच आठवड्यांतील या तीन घटनांमध्ये सरळ कार्यकारणसंबंध दाखविणे धाडसाचे ठरेल. तथापि कापसाची जमीन आणि ती बंदराशी जोडणारे साधन यांचा विचार एकाच काळात, एकाच राज्यकर्त्यांच्या मनात चालू होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) लँकेशायरला कापसाचा तुटवडा पडला व वऱ्हाडच्या कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग याच दशकात वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. हा मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पायनघाटातून गेला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही नावे त्यामुळे भारतभर परिचित झाली. खामगावला १८७० मध्ये आणि अमरावतीला १८७१ मध्ये शाखामार्ग मिळाले. कारंजा मात्र पायनघाटाच्या दक्षिण कडेला, बालाघाटाकडे चढत जाणाऱ्या भूभागावर असल्याने मुख्य मार्गापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर राहिले.

हे अंतर आज किरकोळ वाटते. त्या काळच्या बैलबंडीला ते एक-दोन दिवसांचे होते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवरून तर ते मोजण्याच्या पलीकडचे होते. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे वऱ्हाडातील कापूस-व्यापाराच्या भरभराटीचा काळ, आणि नेमका हाच काळ कारंजाने रुळांविना काढला. खामगावला फोलकार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्या आल्या, अमरावती मोठी बाजारपेठ झाली आणि शतकानुशतके मोठी असलेली कारंजाची पेठ दुय्यम ठरत गेली. रेल्वेचा इतिहास आपण सहसा ती जिथे गेली त्या गावांवरून लिहितो. ती जिथून गेली नाही त्या गावांवर तिचा परिणाम कमी झाला असे मानण्याचे कारण नाही.

याच काळाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत वऱ्हाडने मोठी हानी सोसली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात (१९९७) दाखविल्याप्रमाणे, कापसाखाली गेलेली जमीन आणि बाहेरून येणाऱ्या धान्यावरील अवलंबित्व यांचा या हानीशी निकटचा संबंध होता. रेल्वेने धान्य आणले, पण ते विकत घेण्याची ऐपत रेल्वेला आणता आली नाही.

शाखामार्गाची उभारणी

१८९० च्या दशकात हिंदुस्थान सरकारने शाखामार्गांसाठी खासगी भांडवलाला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. जमीन सरकारने द्यायची, भांडवल कंपनीने उभारायचे, गाड्या चालविण्याचे काम शेजारच्या मुख्य रेल्वेकडे सोपवायचे आणि शाखामार्गामुळे मुख्य मार्गाला मिळणाऱ्या वाढीव उत्पन्नातून कंपनीला काही परतावा द्यायचा, असे या धोरणाचे सर्वसाधारण स्वरूप होते. या व्यवस्थेत मुंबई व कलकत्ता येथील व्यवस्थापन-संस्था पुढे आल्या. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली किलिक, निक्सन आणि कंपनी ही त्यांपैकी एक. तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची स्थापना केली आणि या कंपनीच्या मालकीचे मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किलोमीटर), मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किलोमीटर) आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हे मार्ग उभे राहिले. रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी.

मार्गाच्या कालनिश्चितीबाबत येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. सर्वसामान्यपणे कामाचा आरंभ १९०३ व पूर्तता १९१६ अशी वर्षे दिली जातात. त्याच लेखांतून मार्गावरील सिग्नलवर ‘लिव्हरपूल’ येथील निर्मितीचा शिक्का व १८९५ हे वर्ष असल्याचेही सांगितले जाते, आणि त्यावरून कधी कधी संपूर्ण मार्गच एकोणिसाव्या शतकातला ठरविला जातो. असा निष्कर्ष काढता येत नाही. रेल्वेचे साहित्य एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेले जाई, जुने साहित्य नव्या शाखांवर बसविले जाई. सिग्नलवरील वर्ष हे सिग्नल ओतल्याचे वर्ष असते, गाडी सुरू झाल्याचे नव्हे. नाणी व शिलालेख यांबाबत आपण जी सावधगिरी बाळगतो ती लोखंडाबाबतही बाळगली पाहिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारंजा रेल्वेच्या नकाशावर आले, एवढे विधान निर्धोक आहे. मुख्य मार्गावरून नागपूरची गाडी सुरू झाल्याला तोवर चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

कापूस कोठे गेला?

मार्ग कापसासाठी बांधला गेला याविषयी शंका नाही. विळेगाव, भडशिवनी, पोहे, कारंजा आणि पुढे दारव्हा मोतीबाग, लाडखेड, लासिना अशी स्थानके घेत जाणारी ही वाट कपाशीच्या काळ्या जमिनीतून जाते. हंगामात शेतकऱ्यांच्या बंड्या जिनांच्या आवारात येत. सरकी वेगळी होऊन रुईच्या, प्रत्येकी सुमारे ४०० पौंडांच्या, गाठी बांधल्या जात आणि त्या मूर्तिजापूरकडे रवाना होत. परंतु हा कापूस मँचेस्टरला जात होता, हे विधान या मार्गाच्या काळाला लागू पडत नाही.

वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांना तो केवळ अमेरिकन कापसाच्या टंचाईत नाइलाजाने हवा होता; युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा लांब धाग्याकडे मोर्चा वळविला. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. त्याखालोखाल युरोप खंडातील देश, आणि देशांतर्गत मागणी मुंबईच्या गिरण्यांची. जपानी व्यापारी संस्थांचे खरेदीदार अंतर्भागातील बाजारांपर्यंत पोहोचले होते. तेव्हा कारंजाच्या गाठी ज्या काळात या गाडीत चढल्या, त्या काळात त्यांचा प्रवास मुंबईच्या गिरण्यांकडे किंवा ओसाकाकडे होण्याचा संभव मँचेस्टरपेक्षा कितीतरी अधिक होता. मँचेस्टरहून आले ते इंजिन. १९२१ मध्ये तेथे बांधलेले झेड-डी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि सत्तर वर्षे धावत राहिले. मँचेस्टरची आख्यायिका दृढ होण्यास कदाचित हे इंजिनही कारणीभूत झाले असावे.

हा तपशील सांगण्याचा उद्देश वसाहतवादी शोषणाचे गांभीर्य कमी करण्याचा नाही. उलट, त्या शोषणाचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे होते हे यातून दिसते. मुंबईचे भांडवल, स्थानिक अडते व सावकार, जपानी खरेदीदार आणि सरकारने कंपनीला दिलेल्या सवलती या सर्वांच्या साखळीत वऱ्हाडचा शेतकरी सर्वांत शेवटच्या कडीवर होता. सगळा दोष एका दूरच्या शहरावर टाकला की ही साखळी दिसेनाशी होते.

मार्गाची एक अंगभूत उणीव मात्र पहिल्या दिवसापासून होती. मूर्तिजापूरला गाठी नॅरोगेजच्या डब्यांतून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत पुन्हा भराव्या लागत. त्यासाठी हमाली, वेळ आणि नुकसान हे तिन्ही सोसावे लागे. दुसरे साधन नव्हते तोवर व्यापाऱ्यांनी हे सहन केले. मालमोटारी आल्यावर जिनाच्या दारातून थेट मोठ्या पेठेत माल नेता येऊ लागला आणि ही उणीव घातक ठरली. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्रांची रचना रस्त्यांच्या सोयीने झाली. ज्या मालासाठी मार्ग बांधला तो माल अशा रीतीने मार्गावरून निघून गेला.

स्थानक आणि गाव

कापूस गेला तरी माणसे राहिली. किंबहुना कारंजा स्थानकाचे खरे महत्त्व प्रवासी वाहतुकीत होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या संदर्भात एक बाब विशेषत्वाने नमूद करावीशी वाटते. मार्ग सुरू झाल्यानंतरच्या दोन दशकांत कारंजाची विद्याक्षेत्रातील ओळख गावाबाहेर पोहोचली. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील हस्तलिखितांची दखल रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीने (१९२६) घेतली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी या भांडारांच्या आधारे अपभ्रंश ग्रंथांचे संपादन केले, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासाला, आणि पर्यायाने मराठीच्या पूर्वपीठिकेच्या अभ्यासालाही, या प्रकाशनांनी नवे साहित्य पुरविले. अमरावतीहून कारंजाला येण्याचा त्या काळचा लोहमार्ग बडनेरा–मूर्तिजापूर–कारंजा असा होता. ग्रंथांच्या प्रस्तावनांत गाडीचा उल्लेख नसतो. परंतु एका आडबाजूच्या गावातील भांडार महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या आवाक्यात येणे ही गोष्ट दळणवळणापासून वेगळी काढता येत नाही.

यात्रेकरूंचेही असेच. श्रीवासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांनी नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजाची ओळख पटविली आणि १९३४ मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींच्या हस्ते येथे पादुकांची स्थापना झाली. दत्तसंप्रदायातील भाविकांचा ओघ त्यानंतर वाढत गेला. मुंबई किंवा नागपूरकडून येणारा यात्रेकरू मूर्तिजापूरला उतरून लहान गाडीत बसे. लाड-कारंजाहून मुक्तागिरीकडे जाणाऱ्या जैन यात्रेकरूस मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरची शाखा धरता येई.

आणि या सर्वांहून मोठी संख्या होती ती बाजारहाट, कोर्टकचेरी, दवाखाना आणि शाळा यांसाठी ये-जा करणाऱ्या खेडुतांची. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. कर्मचारी इतके थोडे की गार्डच तिकिटे देई आणि फाटकही पाही. हा सगळा प्रकार शहरी पत्रकारांना गमतीचा वाटला व तसाच तो रंगविला गेला. ज्याच्या खिशात बसचे भाडे नव्हते त्याला मात्र यात गंमत दिसत नव्हती. रेल्वेचे भाडे बसभाड्याच्या मानाने अत्यल्प होते, आणि रोजमजुरी करणाऱ्या कुटुंबाला सहा तासांपेक्षा रुपयांचा फरक अधिक महत्त्वाचा होता. जिल्ह्याचे आजचे मुख्यालय वाशीम येथे तर रेल्वे स्वातंत्र्यानंतर, खांडवा–हिंगोली मीटरगेज मार्गाच्या रूपाने पोहोचली. म्हणजे १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सध्याच्या सीमेत कारंजाकरांनी वाशीमकरांच्या कितीतरी आधी गाडीचा आवाज ऐकला होता.

मालकीचा प्रश्न

दुसरे लोकप्रिय विधान मालकीसंबंधीचे. १९२५ मध्ये जी.आय.पी. रेल्वेचा कारभार सरकारकडे आला आणि १९५१ मध्ये तिचा समावेश मध्य रेल्वेत झाला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे हे मार्ग मात्र राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिले. गाड्या, कर्मचारी व देखभाल मध्य रेल्वेची, मार्ग कंपनीचा, आणि मुदतीने नूतनीकरण होणाऱ्या करारानुसार कंपनीला मोबदला. हा मोबदला वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास असल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार छापले गेले.

यावरून ‘भारतातील शेवटची इंग्रजी रेल्वे’ हे वर्णन रूढ झाले. ते आकर्षक आहे, पण नेमके नाही. किलिक निक्सन ही मुंबईत बसून व्यवहार करणारी संस्था होती आणि स्वातंत्र्यानंतर तिची मालकी भारतीय हातांत गेली. प्रश्न इंग्रजांचा उरलेला नव्हता. तो खासगी मालकी आणि सार्वजनिक सेवा यांच्यातील न सुटलेल्या कराराचा होता. मार्ग आपला नाही म्हणून रेल्वे प्रशासनाने त्यावर मोठा खर्च केला नाही, आणि गाड्या आपण चालवीत नाही म्हणून कंपनीला तसे करण्याचे कारण नव्हते. रूळ, स्लीपर आणि पूल यांची जी दुरवस्था झाली तिचे मूळ या दुहेरी अलिप्ततेत आहे. ‘इंग्रजांची गाडी’ म्हणून हसण्यात आपण स्वतंत्र भारतातील निर्णयांची, खरे तर अनिर्णयाची, जबाबदारी सहज बाजूला सारली.

अखेरचा काळ

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. त्यानंतरच्या दोन दशकांत सेवा कधी पावसामुळे, कधी मार्गाच्या स्थितीमुळे खंडित होत राहिली आणि २०१० ते २०२० या दशकात ती थांबली. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कार्यकाळात ब्रॉडगेज रूपांतरासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. गाडी पुन्हा सुरू व्हावी यासाठी अचलपूर, मूर्तिजापूर व यवतमाळ भागांत आंदोलनेही झाली. दरम्यान अकोला–पूर्णा मार्गाचे २००८ मध्ये ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होऊन वाशीम देशाच्या मुख्य जाळ्यात आले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला; तो कारंजा तालुक्यातूनच जातो. एकेकाळी मुख्य लोहमार्गाने बाजूला ठेवलेले गाव आता राज्यातील सर्वांत वेगवान रस्त्याच्या काठावर आहे, आणि त्याच वेळी त्याचे रूळ गवताखाली गेले आहेत.

या स्थानकाचा इतिहास लिहिण्याची साधने फार काळ टिकणारी नाहीत. स्थानकांवरील आवक-जावक नोंदवह्या, मालाच्या पावत्या, जिनांची व अडत्यांची खातेपुस्तके, नगरपालिकेची कागदपत्रे आणि गाडीवर काम केलेल्या गँगमन, पॉइंट्समन व हमालांच्या आठवणी ही ती साधने. अखेरच्या वाफेच्या इंजिनावर तरुणपणी कोळसा टाकणारी माणसेही आता साठीच्या पुढे आहेत. कारंजा, मूर्तिजापूर, दारव्हा व यवतमाळ या चारही ठिकाणी महाविद्यालये आहेत आणि त्यांतील विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी या गाडीने प्रवास केलेले आजी-आजोबा आहेत. पदवी वर्गाच्या प्रकल्पांसाठी विषय शोधताना आपण बहुधा दूरच्या राजधान्यांकडे पाहतो. या मार्गावरील एकेका स्थानकाची मौखिक व लिखित साधने एकेका महाविद्यालयाने वाटून घेतली, तर कारंजाच्या गाठी कोणाच्या नावाने आणि कोठे रवाना झाल्या, या वर अनुमानाने मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर खातेपुस्तकातूनच मिळू शकेल.